काकूंना वाचून दाखवा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

शेजारच्या काकूंचा सहा वर्षांचा नातू गॅलरीतून पडून आयसीयूत आहे आणि 'पोराला मुद्दाम झोपवून का ठेवलंय' म्हणून काकू घायकुतीला आल्यात, हे बाबांनी सांगितलं. आमचं रोजचं काम हेच, म्हणून सविस्तर लिहितेय.

डोकं आपटलं तेव्हाची इजा पुसता येत नाही. पण पुढचे काही दिवस मेंदू सुजतो, आणि कवटीत जागा तेवढीच. आतला दाब चढला की मेंदूला रक्त कमी पडतं. जाग, वेदना, खोकला, रडणं यांनीही दाब चढतो. म्हणून गुंगीचं औषध.

डोक्याकडची बाजू 30 अंश वर आणि मान सरळ ठेवतात. मान कलली तर डोक्यातलं रक्त खाली नीट उतरत नाही. मॉनिटरवरचा डोक्यातल्या दाबाचा आकडा 20 च्या आत हवा. चढून पाच मिनिटं तिथेच राहिला, तर नर्स आधी मान बघते, मानेचा पट्टा (कॉलर) किंवा श्वासाची नळी धरून ठेवणारी पट्टी गळ्याला आवळतेय का बघते, ताप बघते. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर 3 टक्के मिठाचं सलाइन द्यायला सांगतात: 20 किलोच्या मुलाला 40 ते 100 मिली, 10 ते 20 मिनिटांत. साधं ग्लुकोजचं सलाइन अशा वेळी सूज वाढवतं.

नळी घालून कफ ओढून काढतात (सक्शन), ते काकूंना बघवत नसेल. पण कफ साठला तर कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब पुन्हा चढतो. आधी पूर्ण ऑक्सिजन देऊन, ही सक्शनची नळी 10 सेकंदांच्या आत बाहेर काढतात. तेवढ्यात आकडा उसळतो; लगेच उतरला तर घाबरायचं कारण नाही.

डोक्यातून पाणी काढणारी नळी असेल, तर पलंगाच्या हँडलला कुणीही हात लावू नये. तिची उंची कानाच्या पातळीवरून मोजून लावलेली असते. पलंग वर गेला आणि नळी खालीच राहिली, तर भसकन जास्त पाणी निघून जातं. हा घोटाळा बहुतेक वेळा मदत करायला गेलेल्या माणसाकडूनच होतो.

पोराला शाल पांघरवू नका, ताप चढू द्यायचा नसतो. अंगारा उशाशी ठेवा, कपाळाला नको. हलवून 'डोळे उघड' म्हणू नये. एकाच माणसाने हळू बोलावं. नर्स दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्यांवर बॅटरी मारते, ते एक बाहुली मोठी झालीय का बघायला. गुंगी उतरवायला लागल्यावरही जाग यायला वेळ लागतो, हे काकूंना आत्ताच सांगून ठेवा.

तुमची,
मनू