जुन्या बँकेचे दालन अखंड राहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शहराच्या मध्यभागातील एखादी जुनी बँक बंद पडली की तिचा दर्शनी भाग जपला म्हणजे वारसा जपला, असे गृहीत धरले जाते. या समजुतीला माझा आक्षेप आहे.

अशा वास्तूत सर्वांत मोलाचे असते ते आतले मुख्य दालन. सुरक्षेसाठी भिंती जाड ठेवाव्या लागत, पण रोख मोजायला आणि खतावण्या लिहायला भरपूर उजेड हवा असे; म्हणून छत उंच नेऊन काचेच्या घुमटातून किंवा झरोक्यांतून उजेड वरून आत घेतला गेला. कामाच्या गरजेतून घडलेल्या त्या भव्यतेने ठेवीदारालाही आपला पैसा भक्कम हाती असल्याचा दिलासा दिला. आता व्यवहार एटीएम आणि मोबाइलवर गेल्याने बँकांना एवढी जागा नको आहे, हे मान्यच करावे लागेल.

वापर बदलण्याला माझा विरोध नाही. फिलाडेल्फियातील सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची १८२४ मध्ये पूर्ण झालेली इमारत १८४५ पासून जवळजवळ नव्वद वर्षे जकात कचेरी होती आणि आज तिथे व्यक्तिचित्रांचे संग्रहालय आहे. उलट, इमारत बँकेकडेच राहिली म्हणून ती वाचते, असेही नाही. लंडनमध्ये बँक ऑफ इंग्लंडने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विस्तारासाठी स्वतःच्याच मुख्यालयातील, सर जॉन सोन यांनी रचलेली दालने पाडली. त्यांपैकी एक १९८० च्या दशकात बँकेच्या संग्रहालयासाठी पुन्हा उभारावे लागले. त्या पाडकामाची हळहळ वास्तुकलेच्या अभ्यासकांना आजही वाटते.

मला सर्वाधिक भावते ते अमेरिकेतील क्लीव्हलँडचे उदाहरण. जॉर्ज पोस्ट यांनी रचलेली तिथली १९०८ ची क्लीव्हलँड ट्रस्टची इमारत १९९६ मध्ये बंद झाली, जवळपास दोन दशके पडून राहिली आणि २०१५ मध्ये तिच्यात किराणा-भाजीचे दुकान सुरू झाले. रंगीत काचांचा घुमट आणि भित्तिचित्रे जागच्या जागी आहेत, आणि त्या घुमटाखाली उभे राहायला खात्याची किंवा ओळखीची गरज पडत नाही. लंडनमध्ये वास्तुरचनाकार लुटियन्स यांनी रचलेल्या मिडलँड बँकेच्या इमारतीचे २०१७ मध्ये आलिशान हॉटेल झाले. तिजोरीच्या खोलीत लॉकरच्या रांगा तशाच ठेवून मद्यालय थाटले गेले. जतनाचे ते काम उत्तमच आहे, पण वरच्या मजल्यांवर हॉटेल आणि तळमजल्यावर सर्वांसाठी खुले दालन, अशी वाटणी मला अधिक न्याय्य वाटते, कारण या इमारती ठेवीदारांच्या पैशावर उभ्या राहिल्या आहेत.

म्हणून अशा इमारतींना नव्या वापराची परवानगी देताना काही अटी लेखी असाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुख्य दालनात पोटमाळा घालू नये, फॉल्स सीलिंगने घुमट झाकू नये आणि नव्या भिंती उभारायच्याच असतील तर त्या मूळ बांधकामाला धक्का न लावता काढता येतील अशाच असाव्यात. तिजोरीची खोली फोडू नये. काँक्रीट आणि पोलादाचे ते काम पाडताना बसणारे हादरे उरलेल्या इमारतीलाही सोसावे लागतात. मालक कोणीही असो, रस्त्यावरून थेट दालनात येणारा मुख्य दरवाजा कामकाजाच्या वेळेत सर्वांसाठी उघडा राहील, हे परवान्यातच नमूद व्हावे.

आपला,
एक नियमित वाचक