आई, तुझं 'वेचतो' परत लिहिलं

ती. आई आणि ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

मागच्या दिवाळीत ओसरीवर मोबाइल ठेवून केलेलं ते 47 मिनिटांचं रेकॉर्डिंग परवा पुन्हा ऐकलं. आई, ते कागदावर उतरवताना माझी मोठी चूक झाली. तू म्हणालीस, "मी बारा वर्साची होतो तवापासून कापूस वेचतो." मी लिहिलं, "वेचते." आपल्याकडे बायाही 'मी जातो, मी करतो'च म्हणतात. त्यावरून कॉलेजात मला हसले, म्हणून मी ते सोडलं, आणि आता तुझ्याही तोंडून काढून घेतलं! बायांचं म्हणणं अभ्यासायला निघाले आणि पहिली कात्री त्यांच्या बोलीलाच लावली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापली, ती रोजच्या बोलण्यातल्या फटकळ मराठीत. कोणी ती गुळगुळीत केली असती तर काय उरलं असतं? सगळं तुझ्याच शब्दांत परत लिहून काढलंय.

बाबा, रागावू नका. आईला विचारलेल्या पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरं तुम्ही दिलीत. "तिले काय मालूम," म्हणालात. तेही तसंच ठेवलंय. तुम्ही बैल बांधायला उठलात आणि मग आई बोलायला लागली. कमरेची ओटी भरत गेली की पाठ कशी धरते, बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखाच्या कडेला रक्त कसं येतं, कोणत्या ओळीत किती झाडं मेली. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, पण शेतातली ओळ न् ओळ तिला पाठ आहे.

ॲन ओकली नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1981 मध्ये लिहिलं, की बायांना नुसतं विचारत राहायचं आणि त्यांनी काही विचारलं की आपण गप्प बसायचं, हे बरोबर नाही. वाचलं तेव्हा तूच आठवलीस. तू मधेच विचारलं होतंस, "तुले तिथं एकटीले भेव नाई लागत काय?" रेकॉर्डिंग चालू होतं म्हणून मी हसून पुढचा प्रश्न काढला. लागायचं, आई. पहिलं वर्षभर लाइट चालू ठेवून झोपायची.

पोळ्याला येते. सगळी पानं तुला वाचून दाखवीन, बाबांनीही बसावं. मामाच्या घरचं सांगून झाल्यावर तू म्हणालीस, "हे नको लिहू." ते लिहिलेलं नाही. रेकॉर्डिंगमधूनही पुसायचं का, ते तू सांग.

तुमची,
लहानी