जोंधळ्याच्या कण्या आणि बाबांची कढई

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईचे मनगट दुखू लागल्यापासून रात्रीची भाकरी बंद झाली आहे आणि तिच्या जागी दूध व ब्राऊन ब्रेड आला आहे, हे कळल्यापासून मला हे पत्र लिहायचे होते. फोनवर स्वयंपाकाचे काही सांगायला गेले की आई मध्येच ‘ते मला माहीत आहे’ म्हणते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन मोकळे होतात, म्हणून सगळे सविस्तर कागदावर उतरवते आहे. या पत्रातला बहुतेक मजकूर बाबांसाठी आहे. आईने तो वाचायला हरकत नाही, पण मध्ये बोलू नये.

आधी त्या ब्रेडविषयी. डॉक्टरांनी अख्खे धान्य खायला सांगितले आणि दुकानात तपकिरी रंगाचे पाकीट दिसले, तेव्हा ते घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र पाकिटावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात, आणि सगळ्यांत पहिले नाव मैद्याचे असेल तर वरचा रंग कशाने आला आहे याला फारसा अर्थ उरत नाही. बाबांनी चष्मा लावून एकदा ती बारीक अक्षरे वाचावीत आणि मग ठरवावे. अख्खे धान्य म्हणजे ज्याचा वरचा कोंडा, आतला अंकुर आणि मधला पिठूळ भाग असे तिन्ही जागेवर आहेत ते धान्य, आणि ते तर आपल्या घरात कोठीच्या डब्यात नेहमीच भरलेले असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांमध्ये 100 ग्रॅम ज्वारीत, म्हणजे आपल्या जोंधळ्यात, सुमारे 10 ग्रॅम तंतुमय भाग दिला आहे, तर तेवढ्याच कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळात तो 3 ग्रॅमसुद्धा भरत नाही. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरांतल्या मोठ्या दुकानांत जोंधळा एकदम प्रतिष्ठित झाला. आपल्याकडे तो कधी घराबाहेर गेलाच नव्हता. आता मनगटापायी जाऊ लागला आहे, एवढेच मला खटकते.

भाकरी थापता येत नसेल तर जोंधळा कण्यांच्या, म्हणजे भरडलेल्या दाण्यांच्या, रूपात खावा, असे माझे म्हणणे आहे. कण्या आपल्या घरात नव्या नाहीत, आजी त्या शिजवून ताकात कालवून देत असे. मी सुचवते आहे त्या कण्यांमध्ये थोडी मूगडाळ आणि धान्याच्या दुपटीहून अधिक भाजी पडते, सगळे एकाच कढईत शिजते, पोळपाट-लाटणे, परात, तवा यांतले काहीही लागत नाही आणि शेवटी घासायला एक कढई, एक झाकण आणि दोन ताटल्या उरतात. हे काम बाबांनी करावे, हा माझा खरा आग्रह आहे. कपिलतीर्थ मंडईतून भाजी निवडून आणण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही, घेवड्याची शेंग मोडून तिचा आवाज ऐकल्याशिवाय तुम्ही पिशवीत टाकत नाही. तर ती भाजी पिशवीतून कढईत जाईपर्यंतचा उरलेला रस्ताही तुम्हीच पार करावा.

धान्यासाठी पांढरा, टपोरा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, घ्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ती लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिळाली तर उत्तमच, पण न मिळाल्यास आई नेहमी भाकरीला घेते तोच शाळू चालेल. तो निवडून गिरणीत न्या आणि पीठ नको, कण्या हव्यात असे स्पष्ट सांगा, म्हणजे गिरणीवाला दगड सैल करून भरडून देईल. घरी आणल्यावर पिठाच्या चाळणीने चाळा. खाली पडलेले पीठ धिरड्यांना किंवा आंबिलीला होईल, आणि वर राहिलेल्या, जाड रव्यापेक्षा थोड्या मोठ्या कण्या डब्यात भरा. आजी जोंधळ्याला पाण्याचा हात लावून, तो कांडून वरचा कोंडा पाखडून टाकत असे, त्यामुळे तिच्या कण्या पांढऱ्याशुभ्र दिसत आणि लवकर शिजत. आपल्याला नेमका तोच कोंडा हवा आहे, तेव्हा आईने या बाबतीत सासूबाईंची पद्धत बाजूला ठेवावी. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त भरडू नका. कोंड्यात आणि अंकुरात थोडे तेल असते, दाणा फुटला की त्याला हवा लागते आणि आपल्या पावसाळ्यात तर ते बघता बघता खवट होते. जून ते सप्टेंबर डबा फ्रिजमध्येच ठेवा. डबा उघडल्यावर जुन्या तेलाचा वास आला तर धुऊन वापरण्याचा विचारही करू नका.

आता मुख्य काम. दोघांसाठी एक लहान वाटी कण्या आणि पाव वाटी मूगडाळ पुरते. बाबांनी सकाळी रंकाळ्यावरून फिरून आल्यावर कण्या दोन पाण्यांनी धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालाव्यात. हे आठवणीचे काम आहे, कष्टाचे नाही. न भिजवलेली कणी बाहेरून मऊ होते आणि मध्यभागी कच्ची राहते, मग ती दाताखाली वाळूसारखी येते आणि आईच्या कवळीला ते सोसणार नाही. संध्याकाळी ते पाणी ओतून द्यावे. मूगडाळ मात्र फोडणीच्या आधी धुतली तरी चालते. ती टाळू नका, कारण ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि तो डाळीत चांगला असतो, त्यामुळे ही दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते.

जाड बुडाची स्टीलची कढई घ्या, घट्ट झाकणाची. लोखंडी कढई इथे नको, कारण शेवटी टोमॅटो पडतो आणि आंबटामुळे पदार्थ काळपट होऊन लोखंडाची चव उतरते. कुकरही नको. कण्यांचा फेस शिटीत अडकतो आणि ते जड झाकण फिरवताना आईचे मनगट पुन्हा कामाला लागते. कढईत दोन चहाचे चमचे तेल तापवून मोहरी टाका, ती पूर्ण तडतडू द्या, मग जिरे, हिंग, कढीलिंब आणि ठेचलेला लसूण. लसणाच्या कडा तांबूस दिसू लागल्या की बारीक चिरलेला कांदा घाला आणि तो मऊ होईपर्यंत घाई करू नका. त्यानंतर हळद, निथळलेल्या कण्या आणि डाळ घालून मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटे परता. ओल्या कण्या प्रथम एकमेकींना चिकटून गोळा होतात आणि मग उलथन्याखाली सुट्या होऊन तळाला सळसळ असा आवाज येऊ लागतो. तो आवाज आला की शेजारच्या शेगडीवर उकळत ठेवलेले चार वाट्या पाणी ओता. पाणी उकळतेच हवे, गार पाण्याने शिजणे थांबते आणि गुठळ्या होतात. एक उकळी आली की आच अगदी मंद करा आणि झाकण ठेवा.

भाज्या एकदम घालायच्या नाहीत. कण्यांबरोबर पहिली दहा मिनिटे काहीच नाही. मग गाजर, घेवडा, फ्लॉवर, मटार यांसारख्या कठीण भाज्या, सगळ्या साधारण हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या चिरून, दोन ते अडीच वाट्या. त्या चिरण्याचे काम आईने टेबलाशी बसून केले तरी चालेल, तिला अगदीच बाहेर ठेवले तर ती ओट्याजवळ येऊन उभी राहील. आणखी दहा-बारा मिनिटांनी दोडका, दुधी किंवा मेथीची मूठभर पाने, आणि टोमॅटो सगळ्यांत शेवटी. आंबट आधी पडले तर डाळ मऊ होत नाही, ती तशीच टणक राहते. मध्ये तीन-चार वेळा तळापासून ढवळा आणि आटते आहे असे वाटले तर पुन्हा उकळते पाणी घाला, कारण प्रत्येक शाळू सारखे पाणी पीत नाही. अर्ध्या-पाऊण तासाचे हे काम आहे, पण त्यातला बहुतेक वेळ बाबांनी उंच स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचले तरी काही बिघडत नाही.

शिजले की नाही हे घड्याळ पाहून ठरवू नका. एक कणी चमच्यावर घेऊन, निवल्यावर अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबा. ती चिरडून पसरली आणि मध्ये पांढरा, टणक ठिपका दिसला नाही तर गॅस बंद करा. ठिपका दिसला तर पाच मिनिटे आणखी. बंद केल्यावर झाकण न काढता दहा मिनिटे मुरू द्या. या दहा मिनिटांत कण्या उरलेले पाणी ओढून घेतात, म्हणून कढई उतरवताना पदार्थ थोडा सैलच असावा. पळीवाढा झालेला ताटात पडेपर्यंत बरोबर होतो.

तिखटाविषयी आईशी मतभेद होणार हे मला ठाऊक आहे. आपल्या घरची कांदा-लसूण चटणी अर्धा चहाचा चमचा, कण्यांबरोबर परतताना घालावी. त्यापेक्षा जास्त घालून वर तेलाचा तवंग आणायचा असेल तर तो रविवारच्या रश्शासाठी राखून ठेवावा. मुख्य गोष्ट अशी की चटणी कांडपातून आणताना आपण तिच्यात मीठ घालतोच, त्यामुळे कढईत वेगळे मीठ घालण्याआधी चाखून पाहणे आवश्यक आहे. बाबांचा रक्तदाब लक्षात घेता दिवसभराचे सगळे मीठ मिळून 5 ग्रॅमच्या आत असावे, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा, आणि त्यातच लोणचे, पापड, सकाळचे पोहे सगळे आले. मीठ कमी वाटले तर वरून लिंबू पिळा. त्याने चव उठून येते आणि धान्यातले लोहही शरीराला अधिक मिळते. जेवणानंतर लगेच चहा मात्र नको, तो हेच लोह अडवतो. हे बाबांना आवडणार नाही.

रक्तातल्या साखरेविषयी थोडे. जोंधळा आहे म्हणून हवा तितका खाल्ला तरी चालतो असे कोणी सांगितले तर ऐकू नका, त्यातही पिष्ट आहेच. भरड कणी पिठापेक्षा सावकाश पचते, शिवाय भाजी निम्म्याहून अधिक असल्यामुळे ताट भरल्यासारखे दिसूनही धान्य बेताचे पोटात जाते, हाच तिचा खरा उपयोग. पहिल्यांदा खाल तेव्हा जेवणानंतर दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर पाहून वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा, गोळ्यांत मात्र आपल्या मनाने फेरफार करू नका. सुरुवातीला आठवड्यातून दोन रात्री पुरे. एकदम रोज सुरू केले तर पोट फुगते आणि मग दोष जोंधळ्यावर येतो. दिवसभरात पाणी मात्र वाढवा.

उरलेले रात्रभर ओट्यावर झाकून ठेवण्याची आपल्या घरची सवय मोडायला हवी. जेवणे आटोपली की पसरट भांड्यात काढून निवू द्या, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा हबका मारून चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. ते थोडे निवल्यावर त्यात ताक कालवले की आईची न्याहारी होते. गरम कढईत ताक ओतले तर ते फाटते.

कण्या संपल्या आणि गिरणीत जाणे झाले नाही, तर खपली गव्हाचा दलिया याच रीतीने करता येतो. तो भिजवावा लागत नाही, कोरडाच मंद आचेवर खमंग भाजायचा, वाटीला तीन वाट्या पाणी आणि भाज्या पहिल्यापासूनच बरोबर. मला स्वतःला त्याचा चावताना येणारा गोडसरपणा कण्यांपेक्षाही आवडतो, पण शाळू घरात असताना तो मुद्दाम आणावा असे म्हणणार नाही.

सगळी प्रमाणे बाबांसाठी मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवली आहेत. तो कागद फ्रिजच्या दारावर लावा, शेगडीच्या वर लावलात तर आठवड्यात तेलकट होऊन वाचता येणार नाही. चार वाट्या पाणी तुमच्या शाळूला पुरले की कमी पडले ते नक्की कळवा, म्हणजे पुढच्या पत्रात तो आकडा दुरुस्त करीन.

तुमची,
लेक