प्रमाणपत्रांची फाईल नको, अनुभवांची वही हवी

संपादक महोदय,

बारावीनंतर थेट ब्रिटनमध्ये डॉक्टरकीला जाऊ पाहणारी मुले आणि त्यांचे पालक बहुतेक वेळा प्रमाणपत्रे गोळा करण्याच्या मागे लागतात. तिथल्या 'यूकास' या प्रवेशसंस्थेच्या एकत्रित अर्जात ती जोडण्याची सोयच नाही. अर्जात बोलते ते पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे स्वतःबद्दलचे लेखी निवेदन, आणि मुले नेमकी तिथेच कमी पडतात.

2026 च्या प्रवेशापासून या निवेदनाचे तीन प्रश्न झाले आहेत : हाच अभ्यासक्रम का, शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केले. तिन्ही मिळून 4000 अक्षरे, तीही रिकाम्या जागा धरून. प्रत्येक उत्तराला किमान 350. तिसऱ्या उत्तरात बहुतेक जण कामांची यादी देतात. 'वृद्धाश्रमात स्वयंसेवा केली, सहानुभूती शिकलो' हे वाक्य कोणीही लिहू शकतो, म्हणून ते वाया जाते. याउलट, कमी ऐकू येणाऱ्या आजींशी मोठ्याने बोलल्यावर त्या दचकल्या, समोर बसून ओठ दिसतील असे सावकाश बोलल्यावर त्यांना समजले, हे लिहिणाऱ्याने खरोखर काही पाहिले आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळते. असा तपशील वर्षभराने आठवत नाही. म्हणून अकरावीपासून एक वही ठेवावी आणि त्याच संध्याकाळी तीन गोष्टी टिपाव्यात : काय घडले, आपण काय केले, पुढच्या वेळी काय वेगळे करू. रुग्णाचे नाव मात्र वहीतही नको. मोठ्या रुग्णालयात दोन दिवस डॉक्टरांच्या मागे फिरण्यापेक्षा एकाच ठिकाणी काही महिने दर आठवड्याला केलेले सेवेचे साधे काम जास्त उपयोगी पडते. माणसे ओळखीची झाल्याशिवाय लिहिण्यासारखे काही हाती लागत नाही.

इंटरनेटवरचे नमुने उचलू नयेत. 'यूकास' प्रत्येक निवेदन इतरांशी ताडून पाहते. 2007 मध्ये केलेल्या तपासणीत लहानपणी रसायनांच्या प्रयोगात पायजमा जळाल्याची एकच कथा 234 अर्जांत सापडली होती!

वेळापत्रकातही गफलत होते. वैद्यकीय अर्जाची मुदत 15 ऑक्टोबर, म्हणजे इतर बहुतेक अभ्यासक्रमांच्या जवळपास तीन महिने आधी. त्याआधी, जुलै ते सप्टेंबरदरम्यान, यूकॅट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा द्यावी लागते, तीही वर्षातून एकदाच. तिच्या उतारे वाचून उत्तरे देण्याच्या शाब्दिक विभागात 22 मिनिटांत 44 प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला अर्धे मिनिट. इथे हुशार मुले एका उताऱ्यात अडकतात आणि शेवटचे प्रश्न कोरे राहतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेव्हा अडलेल्या प्रश्नावर अंदाजाने खूण करून पुढे जायचे, ही सवय सरावातच लागली पाहिजे. सहा ते आठ आठवडे रोज थोडा, घड्याळ लावून केलेला सराव पुरतो.

यूकॅटचे गुण तिथल्या तिथे हाती येतात, अर्ज त्यानंतर भरायचा असतो. या क्रमाचा फायदा फार थोडे घेतात. अर्जातल्या पाच पर्यायांपैकी वैद्यकीयसाठी चारच निवडता येतात. काही विद्यापीठे यूकॅटला जास्त वजन देतात, काही शालेय गुणांना. काही आपली बारावी थेट मानतात, काही मानत नाहीत. नावाजलेली चार नावे भरण्याऐवजी आपले गुण जिथे चालतात तीच निवडावीत.

शिक्षकांचे शिफारसपत्र आणि बारावीत अपेक्षित असलेले गुण यांसाठी शाळेला निदान महिनाभर आधी कळवावे. सोबत आपल्या कामांची पानभर टिपणी दिली, तर पत्रात 'मेहनती विद्यार्थी' यापलीकडे काही येते.

मुलाखत अनेक ठिकाणी छोट्या-छोट्या टप्प्यांची असते : दर काही मिनिटांनी नवा परीक्षक, नवा प्रसंग. समोर चिडलेल्या नातेवाइकाची भूमिका करणारी व्यक्ती बसली असेल, तर पाठ केलेले उत्तर तिथे निरुपयोगी ठरते. आधी तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे लागते. हा सराव घरच्यांसोबत नको, फारशी ओळख नसलेल्या मोठ्या माणसासोबत करावा.

इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या वैद्यकीय जागा साडेसात टक्क्यांच्या आसपासच असतात. त्यामुळे अर्जातला पाचवा पर्याय कोरा सोडू नये. तिथे बायोमेडिकल सायन्ससारखा, खरोखर शिकायला आवडेल असा अभ्यासक्रम भरावा.

— एक वाचक