सुकुना-सामाचा भोपळा

नागोया,
९ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवलेला, पण तुझं अक्षर बघून बरं वाटलं. फळ्यावर लिहून लिहून ते आता पूर्वीपेक्षा गोल झालंय. मी मात्र हे पोस्टानंच पाठवतोय. पोचेल तेव्हा पोचेल.

तर तुझा ओम रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन ‘जुजुत्सु काइसेन’ बघतो, त्यात एक पोरगा राक्षसाचं तुटलेलं बोट गिळतो, आणि त्याच राक्षसाचं चित्र ओमनं भूमितीच्या वहीवर काढलंय. वहिनी म्हणतात मोबाइल काढून घ्या, आणि तू मला विचारतोस, “लेका, हे कार्टून आहे का करणी?” दत्ता, तुझा प्रश्न तुला वाटतो त्यापेक्षा बरोबर आहे. ‘जुजुत्सु’ या शब्दाचा अर्थच मुळी करणी, मंत्रतंत्र असा आहे.

आणि मला हसू दुसऱ्याच कारणानं आलं. गेल्या महिन्यात मी त्या राक्षसाच्या गावाला जाऊन आलो. त्याच्या नावाचा भोपळाही घेऊन आलो. ते सांगतोच, पण आधी गोष्ट सांगतो, म्हणजे ओमसमोर तू अडाणी ठरणार नाहीस.

या कथेत माणसांच्या मनातली भीती, मत्सर, लाज, पश्चात्ताप हे सगळं कुठं तरी झिरपत राहतं, साचतं, आणि त्यातून शाप जन्माला येतात. शाप म्हणजे नुसते शब्द नव्हेत, हातापायांचे, दातांचे, भुकेले शाप. शाळा आणि दवाखाने या त्यांच्या आवडीच्या जागा, कारण तिथं माणसांच्या वाईट आठवणी थरावर थर बसलेल्या असतात. (तुझ्या शाळेची इमारत आठवली. गणिताच्या तासाला आपण दोघांनीच दोन-तीन तरी जन्माला घातले असतील.) या सगळ्या शापांचा राजा म्हणजे र्योमेन सुकुना. दोन तोंडं, चार हात. चार हात म्हणून बोटं वीस. तो मेला तरी ती बोटं नष्ट होईनात, म्हणून जिथं तिथं जपून ठेवलेली. युजी इतादोरी नावाचा शाळकरी मुलगा मित्रांना वाचवायला त्यातलं एक गिळतो आणि राक्षस त्याच्या अंगात येतो. अंगात येणं हे तुला समजावून सांगायला नको.

गेगे आकुतामी या टोपणनावानं लिहिणाऱ्या चित्रकारानं ही चित्रकथा २०१८ ते २०२४ अशी साप्ताहिकात चालवली, आणि पडद्यावरची मालिका २०२० साली सुरू झाली. इथं माझ्या ऑफिसातल्या पोरांच्या डब्यापासून सॉक्सपर्यंत सगळ्यावर ती मंडळी असतात. मला विचारशील तर अर्धी मालिका मारामारीच आहे. पाठोपाठ तिसरी सुरू झाली की मला डुलकी लागते. पण मारामाऱ्यांच्या खाली जे आहे ना, ते तुझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तरानं बघायला हवं.

साधी गोष्ट घे. ओमला विचार, त्यात मेगुमी नावाचा पोरगा शेवटचा उपाय म्हणून कोणाला बोलावतो? तो ‘महोरग’ म्हणेल. जपानीत ‘माकोरा’. देव, नाग, यक्ष, गंधर्व, असुर, गरुड, किन्नर, महोरग, ही बौद्ध ग्रंथांतली आठांची यादी तुला पाठ असेल. ती चीनमधून इथं आली, चिनी अक्षरांनी फक्त उच्चार धरले, आणि आता तो महोरग टोकियोतल्या शिबुयाच्या चौकात इमारती पाडतोय. आपण कॉलेजात असताना इथं ‘इनुयाशा’ नावाची मालिका जोरात होती. इनु म्हणजे कुत्रा आणि याशा म्हणजे आपला यक्ष. त्यातल्या खलनायकाचं नाव नाराकु, म्हणजे नरक. आणि सुकुना आपली सगळ्यात भयंकर विद्या वापरताना हाताची जी मुद्रा करतो ती एन्माची. एन्मा म्हणजे यम. शब्द असे हजारो मैल चालत गेले आणि त्यांनी तिथलीच कपडेपट्टी चढवली. मी पहिल्यांदा हे सगळं जुळवलं तेव्हा रात्री दीड वाजता तुला फोन करणार होतो.

सगळंच जुळतं असं नाही हं. ‘ओनी’ हे इथले मूळचे राक्षस, ‘डेमन स्लेअर’ या दुसऱ्या मालिकेत तलवारीनं ज्यांची मुंडकी उडवतात ते. चित्रात त्यांना बैलाची शिंगं आणि कमरेला वाघाचं कातडं असतं. का? तर जुन्या पद्धतीत दिशांना प्राण्यांची नावं होती, आणि बैल-वाघ यांच्यामधली दिशा ही राक्षसांचं दार. ती दिशा कोणती माहितीय? ईशान्य! काकूंनी ज्या कोपऱ्यात देवघर मांडलंय तीच. क्योतोच्या ईशान्येला हिएइ डोंगरावर एन्र्याकुजी हे एवढं थोरलं मठमंदिर आहे, ते तेव्हाच्या राजधानीला त्या दारापासून राखतं असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. हे काकूंना सांगू नकोस.

आता माझी सहल. नागोयाहून ‘हिदा’ नावाचीच गाडी निघते आणि नदीच्या कडेकडेनं वर डोंगरात चढत अडीच-एक तासांत ताकायामाला सोडते. ऑक्टोबरचा मध्य, झाडं नुकती रंगायला लागलेली. या हिदा प्रांतातलाच आपला सुकुना. ‘निहोन शोकी’ हा दरबारानं लिहवून घेतलेला इतिहास ७२० साली पुरा झाला. त्यात निंतोकु राजाच्या काळात हिदामध्ये एक सुकुना होता, असं येतं. धड एक, चेहरे दोन, एकमेकांकडे पाठ केलेले, त्यामुळे मान मागून दिसतच नाही. दोन्ही बाजूंना हातपाय. चपळ, बळकट, डाव्या-उजव्या कमरेला तलवार, आणि चारही हातांनी धनुष्य चालवणारा. राजाचं ऐकत नव्हता, रयतेला लुटत होता, म्हणून दरबारानं सेनापती पाठवून त्याला मारलं. संपलं. एवढ्या चार ओळींवर मालिकेतला शापांचा राजा उभा आहे, फक्त त्याचा काळ शेकडो वर्षं पुढं ओढून हेइआन युगात आणलाय.

पण दत्ता, त्या चार ओळी लिहिल्या कोणी? ज्यांनी मारलं त्यांनी.

ताकायामाच्या बाहेर डोंगरावर सेन्कोजी नावाचं मंदिर आहे. टॅक्सीवाला वळणावळणानं वर नेत होता आणि मी मनात त्या खलनायकाचं हसू ऐकत होतो. वर गेलो तर एकाच बुंध्यातून पाच खोडं गेलेला प्रचंड सुगी (इथला देवदार) वृक्ष, शेवाळ, शांतता. आणि मंदिराची परंपरा काय सांगते? हे ठाणं सुकुनानंच उघडलं. प्रजेला छळणाऱ्या राक्षसाला मारणारा तो, डोंगरातल्या माणसांचा कैवारी तो, कान्नोनचा म्हणजे अवलोकितेश्वराचा अवतारही तोच. दरबाराच्या वहीत दरोडेखोर, स्वतःच्या गावात देव.

तिथल्या संग्रहात एन्कु नावाच्या भटक्या भिक्षूनं सतराव्या शतकात कोरलेली त्याची मूर्ती आहे. या एन्कुनं आयुष्यात एक लाख वीस हजार मूर्ती कोरायचा संकल्प केला होता म्हणतात. त्यातल्या पाच हजारांवर अजून सापडतात. हात असा की लाकूड फोडलंय की कोरलंय कळू नये, आणि त्यातून चेहरा मात्र हसतो. त्यानं सुकुनाची दोन्ही तोंडं समोरूनच दाखवलीत, पाठमोरी नाहीत. हातात तलवार नाही, धनुष्यही नाही. कुऱ्हाड आहे. रान तोडून वस्ती करणाऱ्या माणसाच्या हातात असते तशी. मी बराच वेळ उभा राहिलो. शेजारी एक कॉलेजातलं जोडपं होतं, पोराच्या टी-शर्टावर मालिकेतला सुकुना, गालावर काळ्या रेघा, जीभ बाहेर. दोघं मूर्तीसमोर हात जोडून, डोळे मिटून उभे. त्यांना यात काही विचित्र वाटत नव्हतं.

मला तेव्हा आपल्या शिवेवरचा म्हसोबा आठवला. देवीच्या पोथीत जो महिष मारला जातो, त्याच्याच नावाच्या दगडाला आपण शेंदूर लावतो. आणि पाडव्याला तुझी आई ओवाळताना काय म्हणते? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. पाताळात घातलेल्याचंच राज्य मागतो आपण. फार ताणत नाही, तू वर्गात हे माझ्यापेक्षा चांगलं सांगशील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताकायामात नदीकाठी भरणाऱ्या बाजारात गेलो. आज्या भाज्या, लोणची घेऊन बसलेल्या असतात. एकीपुढे दुधी भोपळ्यासारखं लांबडं, फिकट हिरवट काही तरी होतं. मी विचारलं काय आहे, तर म्हणाली, “सुकुना काबोचा.” म्हणजे सुकुना भोपळा! त्या भागातलंच वाण, आत पिवळाधमक गर. मी माझ्या मोडक्या जपानीत म्हटलं, आजी, टीव्हीत तर सुकुना फार वाईट दाखवलाय. ती हसली. नातवानं तिलाही सांगितलं होतं म्हणे. मग भोपळा कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “सुकुना-सामा आमचा आहे.” सामा म्हणजे आपलं ‘महाराज’, ‘राव’ यांच्याही वरचं. ऑफिसात सगळे नुसतं ‘सुकुना’ म्हणतात. तिच्या तोंडी ते सामा ऐकलं आणि मी पिशवी उगाच दोन्ही हातांनी धरली.

इथं हे एकाच सुकुनाचं नाही. सुगावारा नो मिचिझाने नावाचा विद्वान मंत्री होता. दरबारातल्या हेव्यादाव्यांत त्याला ९०१ साली दूर दाझाइफुला धाडलं, दोन वर्षांत तो तिथंच वारला. मग राजधानीत अपमृत्यू सुरू झाले, ९३० मध्ये राजवाड्यावर वीज पडून माणसं दगावली. लोक म्हणाले, मिचिझाने कोपलाय. दरबारानं काय करावं? त्याची पदं परत दिली, क्योतोत कितानोला देऊळ उभं राहिलं, आणि तो ‘तेन्जिन’ झाला, विद्येचा देव. आज परीक्षेच्या आधी पोरं तिथं रांगा लावतात, देवळातल्या बैलाच्या डोक्यावरून हात फिरवून तोच हात आपल्या डोक्यावर फिरवतात. मालिकेतला डोळ्यांवर पट्टी बांधणारा मास्तर गोजो, जो ओमचा नक्कीच लाडका असणार, तो याच मिचिझानेच्या वंशातला दाखवलाय. दहावीच्या पोरानं विद्येच्या देवाच्या वंशजाला भजणं यात वहिनींनी आक्षेप घेण्यासारखं काय आहे?

असो. गंमत सोडून सांगतो. मोबाइल काढून घेऊ नकोस, पण पांघरुणातून बाहेर काढ. दुसऱ्या पर्वात शिबुयाचा जो भाग आहे, तो फार रक्तबंबाळ आहे. आवडती माणसं पटापट मरतात आणि कुणी रडायलाही थांबत नाही. मला चाळिशीत ते जड गेलं. तो भाग त्याच्याबरोबर बसून बघ. दोन तोंडांचा तो राक्षस मुळात कोण होता, हे आधी त्याला सांगू नकोस. त्याला बघू दे, त्याच्या बाजूनं चिडू दे, आणि मग एन्कुच्या मूर्तीचा फोटो दाखव. पाकिटात घातलाय.

छकुलीला मात्र हे दाखवू नकोस. तिच्यासाठी ‘गेगेगे नो कितारो’ आहे, एकाक्ष भूतपोराची गोष्ट. ही माझी खरी आवडती. काढणारे मिझुकी शिगेरू लहानपणी साकाइमिनातो गावात एका म्हातारीकडून भुतांच्या गोष्टी ऐकत वाढले. महायुद्धात त्यांना न्यू गिनीजवळच्या राबौलला धाडलं, तिथं बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. परत येऊन एका हातानं चित्रं काढत राहिले आणि त्या म्हातारीची सगळी भुतं कागदावर उतरवली. टीव्हीवर ती पहिल्यांदा १९६८ साली आली, आणि पुढच्या प्रत्येक पिढीसाठी नव्यानं काढली गेली. कितारो भुतांना शक्यतो मारत नाही, समजावतो. माणसांनी डोंगर खणला, नदी बुजवली, म्हणून भूत चिडलंय, असं बहुधा निघतं. साकाइमिनातोच्या रस्त्यावर आज त्या भुतांचे पावणेदोनशेहून जास्त ब्राँझचे पुतळे आहेत. पोरं त्यांची नाकं घासून घासून चकचकीत करतात. मार्चमध्ये तुम्ही सगळे येताय म्हणालास, तर छकुलीला तिथं नेऊ. ओमला घेऊन सेन्कोजीला. तिथला संग्रह हिवाळ्यात बंद असतो, तेवढं जाण्याआधी विचारून घेईन.

भोपळ्याचं राहिलंच. एवढा लांब भोपळा एकटा माणूस काय करणार? अर्ध्याची भाजी केली, मेथीची फोडणी देऊन. उरलेल्याचे पाडव्याला घारगे. गूळ इथं चिकूच्या रंगाचा मिळतो, ओकिनावाचा, तो किसून घातला. सुकुना-सामांचा गर आपल्या लाल भोपळ्यापेक्षा कोरडा आणि पिठूळ, पाणी सुटतच नाही. त्यामुळे काकूंच्या मापानं कणीक घेतली ती फार झाली आणि पहिला घाणा दगडासारखा निघाला. दुसऱ्याला कणीक निम्मी केली, तेव्हा फुगले. काकूंना विचारून कळव, मोहन किती घालायचं असतं? मी अंदाजानंच घातलं.

तुझा,
बाळ्या