आजोबांच्या नावाआधीचा ‘लेट’

घणसोली, नवी मुंबई

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

आई, बाबांनी बँकेच्या फॉर्मवर आजोबांच्या नावाआधी ‘लेट’ लिहिलं म्हणून तू रागावलीस. “मामंजी उभ्या जन्मात कुठे उशिरा पोचले नाहीत,” म्हणालीस. तेव्हा मी ठाण्याच्या फलाटावर होते, गर्दीत धड बोलता आलं नाही.

तुझ्या ओळखीचा ‘लेट’ इथे दिवसभर कानावर असतो. लोकल लेट, ऑफिसात लेट मार्क, बिलावर लेट फी. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ संथ, मंद असा होता. त्यातून उशीर आला. पण पुढे त्याला ‘अलीकडचा’ हाही अर्थ चिकटला. सगळ्यात नवा तो ‘लेटेस्ट’, ‘लेटली’ म्हणजे हल्ली, आणि शेवटचा तो ‘लास्ट’ही त्याच घरातला. आजोबांच्या नावाआधीचा ‘लेट’ या अलीकडच्या अर्थाचा आहे गं. हल्लीपर्यंत आपल्यात होते ते. म्हणून शिवाजी महाराजांना कुणी ‘लेट’ म्हणत नाही. ज्यांना पाहिलेली, ज्यांच्या हातचं खाल्लेली माणसं अजून आहेत, त्यांच्याच नावाआधी तो शोभतो. मला हे कळलं तेव्हा आजोबांनी सोलून दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा आठवल्या आणि खूप बरं वाटलं.

बाबा, तुम्ही लिहिलंत ते बरोबरच आहे. फक्त हा अर्थ हवा असेल तर शब्द नावाच्या किंवा नात्याच्या आधीच यायला हवा. ‘माय फादर इज लेट’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल आजोबा वाटेत आहेत, येतीलच.

तलाठ्याकडच्या वारसनोंदीत मात्र ‘मयत’च लिहितात. तो शब्द मलाही सोसत नाही, पण कागदाची रीत आहे, तिथे वाद घालू नका. घरातल्या तसबिरीखाली ‘वै.’, म्हणजे वैकुंठवासी, आहे ते तसंच राहू दे. आजोबा माळकरी होते, त्यांना तेच आवडलं असतं.

शनिवारी ऑफिस सुटलं की खोपटहून एसटी धरते. बाबांच्या गोळ्या घेऊन येतेय. घाटात गाडी अडकली तर दोघं जेवून घ्या, माझं ताट झाकून ठेवा.

तुमची,
धाकटी