मंत्रीसाहेब, शहामृगाची टरफलं पत्र्याखाली ठेवू नका

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी चाळीसगाव तालुक्यातला, सध्या पुण्यात पुरातत्त्वात एम.ए. करतोय. पुतळा, स्मारक असलं काही मागत नाहीये, मागणी एका थंड खोलीची आहे, पण कारण जरा लांबडं आहे म्हणून पाच मिनिटं द्या.

गेल्या मे महिन्यात एका गोदामात उत्खननातल्या वस्तूंची यादी करायला गेलो होतो. कुणाचं गोदाम ते सांगत नाही, माणसं चांगली होती, दोनदा चहा पाजायची. वर पत्रा, पंखा एकच आणि तोही साहेबांच्या टेबलाकडे वळवलेला. कोपऱ्यात बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, हात लावला तर चटका बसला. आत कापसात शहामृगाच्या अंड्याची टरफलं, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, मारी बिस्किटाच्या रंगाची. चिठ्ठीवरची शाई उडालेली.

शहामृग आणि खानदेशात म्हटलं की लोक हसतात. पण आमच्या पाटणादेवीजवळच्या पाटणे गावात १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी सरांनी खोदलं तेव्हा या टरफलांचे मणी निघाले, रेषा कोरलेला तुकडाही निघाला, आणि कार्बन-१४ नं, म्हणजे वस्तूत उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजून, वय आलं साधारण २५ हजार वर्षं. कार्बनला ऊन-थंडी काही कळत नाही, डबा तापला काय नि गार राहिला काय, त्याला फरक पडत नाही. पण याच टरफलात दुसरं एक घड्याळ असतं आणि ते उन्हात पळतं, माझं दुखणं तिथे आहे.

प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची दोन रूपं असतात, डावा हात आणि उजवा हात, आरशातल्यासारखी. जिवंत शरीर प्रथिनं बांधताना जवळपास फक्त डावंच वापरतं. जीव गेला की डाव्याची हळूहळू उजवी व्हायला लागतात, शेवटी एक ठरलेलं प्रमाण गाठलं की पुढे वय कळत नाही. मधल्या काळात उजवी किती झाली ते मोजायचं, चिमूटभर पूड पुरते. शहामृगाचं टरफल यासाठी बेस्ट, कारण काही प्रथिनं कॅल्साइटच्या, म्हणजे टरफलातल्या चुन्याच्या, स्फटिकात कोंडलेली असतात, तिथे पाणी सहज पोचत नाही. हाडाचं तसं नाही, हाड म्हणजे स्पंज.

अमेरिकेत हेच नडलं. १९७०च्या दशकात जेफ्री बाडा या शास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियातल्या सांगाड्यांची वयं या पद्धतीनं काढली, डेल मारचा ४८ हजार, सनीवेलचा ७० हजार, केवढा गाजावाजा! नंतर नव्या यंत्रानं कार्बन-१४ केलं तर सगळे ११ हजार वर्षांच्या आतले. एक तर हाडं, त्यात कॅलिफोर्नियातल्याच ज्या लगुना कवटीवरून घड्याळ लावलं होतं तिचंच वय १७ हजारांवरून ५ हजारांवर आलं. म्हणजे शेजाऱ्याच्या बंद घड्याळाला आपलं मिळवलं आणि मग गाडी चुकली म्हणून बोंब.

आपल्याकडे हे घड्याळ लावायला पाटणेचं कार्बन-१४ चं वय आहे, टरफलंही आहेत. पण तापमान एक डिग्री वाढलं तरी हा वेग ढोबळमानानं १५-२० टक्क्यांनी वाढतो. म्हणून जमिनीखाली टरफल किती तापलं ते माहीत पाहिजे, आणि वर काढल्यावर पत्र्याखाली आणखी किती भाजलं तेही. पन्नास उन्हाळे २५ हजार वर्षांपुढे किरकोळ वाटतील, पण ४५ डिग्रीला हे घड्याळ कित्येक पट पळतं साहेब, आणि किती पळलं याची नोंद कुणाकडेच नसते. चुलीजवळ भाजलेला तुकडा तर उगाच म्हातारा दिसतो, तो वेगळा काढायलाही हीच तपासणी कामाची, पण गोदामानं सगळेच भाजले तर वेगळं काय काढणार?

तर मागणी एवढीच. राज्यातल्या ज्या गोदामांत टरफलं, शिंपले, दात, हाडं आहेत तिथली ती गार, कोरड्या, सावलीच्या खोलीत हलवा, डब्यावर तारीख आणि खोलीचं तापमान लिहायला लावा. आणि पाटणेला खड्डा करून एक मीटर आणि दोन मीटरवर तापमान नोंदवणारे छोटे डेटा लॉगर वर्षभर पुरून ठेवा, नंतर काढून आकडे सगळ्यांना खुले करा. याला टेंडर लागतं का मला कळत नाही, लागत असेल तर लवकर काढा, मार्चपासून आमच्याकडे ऊन चढायला लागतं.

तो बिस्किटाचा डबा मी जाताना टेबलाखाली, फरशीवर सरकवून आलोय. तिथे जरा गार लागत होतं.

आपला,
पाटणादेवीकडचा एक विद्यार्थी